संशोधनाचे गाळप आणि उतारा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत एक जाहीर सूचना काढून संशोधनपर नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी बंद केली. महाविद्यालयीन अध्यापकांची पदोन्नती आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची पदवी पाच-साडेपाच वर्षे या यादीच्या खुंटीला टांगलेली होती. यादीतील नियतकालिकात छापलेला निबंध तेवढा संशोधन, बाकीचे लिखाण हिशेबाबाहेर, असा दंडक या काळात रूढ झाला. आता नियतकालिकाचा बरेवाईटपणा विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी स्वतःच पारखावा, असे आयोगाचे म्हणणे आहे. त्यासाठी काही निकषही त्याने सुचविले आहेत.

या निर्णयाने काहींना सुटल्यासारखे वाटले, काहींना धास्ती वाटली. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावी प्राध्यापकांच्या खोलीत या सूचनेवर बोलणे झाले असेल, तर ते बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरले असेल : आता निबंध छापावयाचा कोठे? ज्यांची वेतनश्रेणी अडकून पडली आहे त्यांनी हा प्रश्न विचारणे स्वाभाविकच आहे. पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. निबंध लिहावयाचा कशावर आणि कशासाठी? गेल्या दीड दशकात आयोगाने नियम केले, मोडले, पुन्हा केले. त्या सगळ्या खटाटोपात हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. संशोधनाची खरी हानी तेथेच झाली आहे.

गुणांचा बाजार

प्रथम थोडा इतिहास पाहू. आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे विद्यार्थ्यावर बंधनकारक केले. २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या शैक्षणिक कामगिरीचे गुणांकन सुरू केले : निबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेत वाचलेल्या निबंधाला इतके. २०१६ मध्ये पीएच.डी.च्या विद्यार्थ्यावर एका निबंधाखेरीज दोन परिषदांतील वाचनाचीही सक्ती आली. २०१८ च्या नियमावलीत विज्ञान विषयातील एका निबंधाला ८ आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतील निबंधाला १० गुण असा दर ठरला. प्राध्यापकपदापर्यंत पोचावयाचे तर किमान १० निबंध हवेत, असेही ठरले. त्यातच महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने दर अध्यापकामागे निबंध किती आणि आयएसबीएन क्रमांकाच्या संपादित पुस्तकांतील प्रकरणे किती, याची विचारणा सुरू केली. मग प्राचार्यांनाही संख्येची निकड वाटू लागली.

ज्या वस्तूची सक्ती होते तिचा बाजार उभा राहतो, हे सांगावयास अर्थशास्त्राचा प्राध्यापक नको. काही हजार रुपये भरले की आठवड्याभरात निबंध छापून देणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके गल्लोगल्ली निघाली. एक दिवसाचे ‘राष्ट्रीय’ चर्चासत्र भरवावयाचे, नोंदणी शुल्काबरोबरच छपाईचे पैसे घ्यावयाचे आणि आलेले शंभर-दीडशे लेख न वाचता एका जाड विशेषांकात कोंबावयाचे, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. हेलसिंकीच्या दोघा अभ्यासकांनी २०१५ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अशा पैसेखाऊ नियतकालिकांतून २०१० साली ५३,००० निबंध प्रसिद्ध झाले होते. २०१४ साली ही संख्या ४,२०,००० वर गेली. त्यांच्या लेखकांपैकी सुमारे एक-तृतीयांश भारतीय होते आणि प्रकाशकांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक भारतातले होते. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसंस्थेला तर अमेरिकेच्या न्यायालयाने २०१९ मध्ये फसवणुकीबद्दल पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा बजावला.

या प्रकरणात महाराष्ट्राचा संबंध दुहेरी आहे. आयोगाने २०१७ च्या जानेवारीत मान्यताप्राप्त नियतकालिकांची पहिली यादी काढली. तिच्यात ३८,००० हून अधिक नावे होती आणि त्यांतील कित्येक विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली होती. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या यादीची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या आणि अन्य कोणत्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत, असा त्यांचा निर्वाळा होता. थोड्याच अवधीत, मे २०१८ मध्ये, आयोगाने ४,३०५ नावे वगळली. पुढे २०१९ मध्ये ‘केअर’ यादी सुरू झाली, तिच्या छाननीचे कामही पुण्याच्याच विद्यापीठाकडे आले. काम कष्टाचे होते आणि ज्यांनी ते केले त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु यादी निघताच तिच्यातील प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाची हुबेहूब नक्कल करणारी बनावट संकेतस्थळे उभी राहिली आणि अशा नकलांची वेगळी यादी देण्याची पाळी ‘केअर’वर आली. चोर पुढे आणि पहारेकरी मागे, असा हा खेळ २०२५ पर्यंत चालला.

मोजणी का आली?

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. ही मोजणी कोणा दुष्टाच्या डोक्यातून निघालेली नाही. तिच्या आधीचा काळ सुवर्णयुगाचा होता, असे म्हणणे ही आत्मवंचना ठरेल. नेमणूक झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत एक ओळही न लिहिलेले अध्यापक त्या काळात होते. पिवळ्या पडलेल्या वहीतून तीस वर्षे तेच टिपण सांगणारेही होते. बढती ज्येष्ठतेने मिळे, नाही तर संस्थाचालकांच्या मर्जीने. ज्याला ना वशिला ना गणगोत, अशा खेड्यातून आलेल्या, पहिल्या पिढीतल्या अध्यापकाला आपली लायकी दाखविण्याचे साधनच नव्हते. निबंध मोजण्याची पद्धत आली तेव्हा त्याला हाताशी काही तरी धरता येण्यासारखे मिळाले. आकड्याला जात नसते आणि आकड्याला मामा नसतो, हा या पद्धतीचा गुण आहे. तो नाकारून चालणार नाही.

दुसरेही एक सत्य आहे. जे प्रसिद्ध होत नाही ते ज्ञान समाजाच्या उपयोगी पडत नाही. आपल्या देशात झालेल्या किती तरी उत्खननांचे संपूर्ण अहवाल कधी निघालेच नाहीत. खोदणारे निवृत्त झाले, दिवंगत झाले आणि त्यांच्या वह्या कपाटांत राहिल्या. उलट श्रीरामपूरच्या शेजारच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले आणि डेक्कन कॉलेजने त्याचा सविस्तर अहवाल १९६० मध्ये बाहेर काढला. तेव्हा विद्वानाने लिहावे, छापावे आणि समव्यवसायी लोकांच्या टीकेला सामोरे जावे, ही अपेक्षा योग्यच आहे. तक्रार या अपेक्षेविरुद्ध नाही. लिहिलेले वाचावयाचेच नाही, केवळ मोजावयाचे, या रीतीविरुद्ध ती आहे.

न विचारलेले प्रश्न

बोगस नियतकालिकांवर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. ती फसवणूक उघड दिसते, म्हणून तिच्यावर बोट ठेवणेही सोपे जाते. परंतु मोजणीचा जो परिणाम प्रामाणिक अध्यापकावर होतो तो सहसा दिसत नाही, कारण तो न झालेल्या कामाच्या रूपाने होतो. प्रामाणिक अध्यापक पैसे देऊन निबंध छापीत नाही. तो फक्त असा विषय निवडतो की जो सहा महिन्यांत संपेल, ज्यासाठी गावोगाव हिंडावे लागणार नाही, ज्याची आकडेवारी आयती मिळेल आणि ज्याचे शीर्षक इंग्रजीत भारदस्त दिसेल. विषयाची निवड एकदा अशी झाली की पुढचे काम कितीही चोख केले तरी ज्ञानात भर पडण्याची शक्यता फारच थोडी उरते.

श्रीरामपूरचेच उदाहरण घेऊ. या तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. १९५८ मध्ये तेथील प्राचीन वसाहतीचा शोध लागला आणि लगोलग पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी पहिले उत्खनन केले. १९७४ मध्ये त्याच गावी रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव, वजनदार धातूच्या प्रतिमांचा ठेवा सापडला. त्यानंतर एस. आर. राव यांनी आणि पाठोपाठ एस. ए. साळी यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. साळींचे काम १९७६ पासून १९७९ पर्यंत चालले आणि त्यांचा ग्रंथरूप अहवाल पुरातत्त्व खात्याने १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. सावळदा संस्कृतीपासून उत्तर हडप्पा आणि माळवा संस्कृतींमधून जोर्वे संस्कृतीपर्यंतच्या वस्तीचा क्रम एकाच टेकाडात दाखविणारा हा अहवाल आजही दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाच्या प्रत्येक अभ्यासकाला उघडावाच लागतो. धातूच्या त्या प्रतिमा नेमक्या कोणत्या काळातील, यावर विद्वानांत मतभेद झाले. त्या उत्तर हडप्पाकाळातील आहेत असे एक मत. तर धातूतील सोमलाचे प्रमाण पाहून डी. पी. अग्रवाल यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने त्यावर आक्षेप घेतला. संशोधन पुढे सरकते ते अशा वादांतून.

उत्खनन संपल्यावर अहवालासाठी सात वर्षे. आजच्या गुणांकनाच्या तक्त्यात या सात वर्षांसमोर काय लिहिले जाईल? एका ग्रंथाचे गुण. तेवढ्या अवधीत चलाख माणसाने त्याच सामग्रीचे तुकडे करून भांड्यांवर एक, मण्यांवर दुसरा, हाडांवर तिसरा, असे पंधरावीस निबंध छापले असते आणि गुणांच्या बाबतीत तो साळींच्या कितीतरी पुढे गेला असता. पण वाचकाच्या हाती मग टेकाड आले नसते, केवळ तुकडे आले असते.

दुसरे उदाहरण कालव्यांचे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी या अवर्षणग्रस्त भागाचा कायापालट केला. या पाण्याने नेमके काय घडविले? पाणीपट्टीच्या वसुलीत न दिसणारा लाभ कोणता आणि तो कोणाला झाला? हा प्रश्न पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी हाती घेतला. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांच्या पाहणीचा त्यांचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या दारी जाऊन, पीक, मजुरी, कर्ज आणि खरेदी-विक्री यांची माहिती गोळा करून केलेले हे काम आहे. पाटबंधाऱ्यांच्या अर्थशास्त्रात ते आजही संदर्भासाठी पाहिले जाते. विशेष हे की, ज्या प्रदेशाचा गाडगीळांनी अभ्यास केला त्याच प्रदेशात विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्या अध्यक्षपदाची धुरा गाडगीळांनीच वाहिली. संशोधन आणि समाजजीवन यांचे नाते कसे असावे याचा याहून चांगला वस्तुपाठ महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही.

त्या अहवालाला आता पाऊणशेहून अधिक वर्षे उलटली. दरम्यानच्या काळात या पट्ट्यात काय झाले? अतिपाण्याने जमिनी चोपण झाल्या, क्षारपड झाल्या. विहिरी खोल गेल्या आणि कूपनलिका आल्या. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वरचा आणि खालचा भाग असा तंटा निर्माण झाला. हरेगावच्या परिसरात बेलापूर कंपनीने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळविण्यासाठी खंडकरी शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या झगडल्या. दर हिवाळ्यात ऊसतोडणीसाठी येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा बुडते. हे सारे प्रश्न श्रीरामपूरच्या महाविद्यालयांपासून सायकलच्या अंतरावर आहेत. कागदपत्रे तालुका कचेरीत, पाटबंधारे खात्यात आणि कारखान्यांच्या दप्तरांत आहेत. ज्यांनी हा काळ पाहिला ती वृद्ध माणसे एकेक करून जात आहेत. मातीच्या परीक्षणाचे शास्त्र जाणणारे कृषी विद्यापीठ शेजारीच राहुरीला आहे.

अशा ठिकाणी अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास वा समाजशास्त्र शिकविणारा एखादा तरुण अध्यापक आहे असे समजू. कालव्याकाठच्या दहा गावांची पुन्हा पाहणी करावी, गाडगीळांच्या नोंदींशी ती ताडून पाहावी, असा विचार त्याच्या मनात आला, तर तो काय हिशेब करील? आठवड्याचे सोळा तास शिकविणे, परीक्षांचे काम, ‘नॅक’चे तक्ते भरणे, रिकाम्या राहिलेल्या पदांचा भार. उरलेल्या वेळात दहा गावे हिंडावयाची तर चार वर्षे लागणार आणि हाती एक निबंध पडणार. गुण दहा. शेजारच्या खोलीतील सहकारी तोपर्यंत ‘ग्रामीण विकासात माहिती तंत्रज्ञानाची भूमिका’ या धर्तीचे आठ लेख लिहून पुढच्या श्रेणीत गेलेला असणार. आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला तर चार वर्षांनी आपण येथे असू की नाही याचीच शाश्वती नसते. अशा स्थितीत तो दहा गावांचा विचार सोडून देतो. त्याला दोष कोण देणार? पण तो विचार त्याने सोडला हे कोणत्याही तक्त्यात नोंदले जात नाही. यादीतील बोगस नियतकालिके मोजता येतात. न विचारलेले प्रश्न मोजता येत नाहीत.

साखरेच्या मुलखात ही गोष्ट समजावयास अवघड जाऊ नये. कारखान्याने किती लाख टन उसाचे गाळप केले एवढ्यावर त्याची परीक्षा होत नाही. शंभर किलो उसातून साखर किती निघाली, उतारा किती पडला, हे शेतकरी विचारतो, कारण त्याच्या उसाचा भाव त्या उताऱ्याशी बांधलेला असतो. आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेने संशोधनाच्या गाळपाचा हिशेब ठेवला आणि उताऱ्याची चौकशी करावयाचे सोडून दिले.

जगाची वाट

हा रोग एकट्या भारताचा नाही, हे खरे. पीटर हिग्ज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाला १९६४ मधील कामाबद्दल २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांनी दहाहूनही कमी निबंध प्रसिद्ध केले होते. आजच्या विद्यापीठांनी आपल्याला नोकरीच दिली नसती, असे त्यांनी त्याच सुमारास बोलून दाखविले. २०२३ मध्ये ‘हिंदावी’ या मोठ्या प्रकाशनसंस्थेला एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे कारखाने तिच्या नियतकालिकांत शिरले होते. दुसऱ्या टोकाला ‘नेचर’सारख्या अग्रगण्य नियतकालिकाने निबंध सर्वांना मुक्तपणे वाचता यावा यासाठी लेखकाच्या बाजूने भरावयाची रक्कम ९,५०० युरो ठेवल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. ही रक्कम तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाच्या कित्येक महिन्यांच्या वेतनाएवढी आहे.

म्हणजे वरचा दरवाजा पैशामुळे बंद आणि खालचा दरवाजा पैशासाठीच उघडा, अशा कात्रीत आपला अध्यापक सापडला आहे. केंब्रिजच्या किंवा बंगळूरच्या शास्त्रज्ञावर हा दबाव असला तरी त्याच्यापाशी प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि सहकाऱ्यांचा सल्ला असतो. श्रीरामपूरच्या अध्यापकापाशी यांतले काही नसते. त्याच्यापाशी एकच संपत्ती असते : आपल्या परिसराचे आणि आपल्या लोकांच्या भाषेचे ज्ञान. केंब्रिजच्या विद्वानाला दायमाबादच्या किंवा हरेगावच्या म्हाताऱ्याशी बोलता येणार नाही, याला येते. परंतु सध्याच्या गुणांकनात नेमकी हीच संपत्ती कवडीमोल ठरते. विषय ‘स्थानिक’ म्हणजे किरकोळ, असा समज पक्का झाला आहे. दायमाबादचे टेकाड स्थानिकच होते, गाडगीळांचे कालवेही स्थानिकच होते, याचा विसर पडला आहे.

मराठीचे काय?

याच ओघात मराठीतील ज्ञानव्यवहाराचाही विचार केला पाहिजे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेच्या ‘नवभारत’ने, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाने आणि अशाच काही मोजक्या नियतकालिकांनी मराठीत गंभीर विचार करण्याची सवय जोपासली. वर्गणीदार थोडे, मानधन जवळजवळ नाही आणि संपादक पदरमोड करणारे, अशी त्यांची स्थिती. तरीही तेथे लेख पाठविला की कोणी तरी तो वाचत असे, दुरुस्त्या सुचवीत असे, कधी परतही करीत असे. मोजणीच्या राज्यात अशा नियतकालिकांपुढे पेच पडतो. यादीत नाव असले तर वेतनश्रेणीसाठी निबंध हवा असलेल्यांची रीघ लागते. नाव नसले तर चांगला लेखकही पाठ फिरवितो. दोन्हींतून वाचक वाढत नाही.

प्राध्यापक इंग्रजीत लिहितात याला आक्षेप नाही. गाडगीळ आणि साळी यांनीही आपले अहवाल इंग्रजीतच लिहिले. आक्षेप आहे तो, ना इंग्रजी जगाने वाचावे ना मराठी माणसाने, अशा तिसऱ्याच भाषेत लिहिले जाते याला. कालव्याच्या पाण्यावर लिहिलेला निबंध ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवर लिहिला त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि दिल्लीच्या अर्थशास्त्रज्ञापर्यंतही पोचत नाही. तो फक्त पदोन्नतीच्या फायलीत पोचतो. विद्यार्थ्याच्या हे ध्यानात येत नाही असे कोणी समजू नये. आपले सर वर्गात ज्याविषयी पोटतिडकीने बोलतात त्याविषयी लिहीत नाहीत आणि ज्याविषयी लिहितात त्याचा उल्लेख वर्गात कधी करीत नाहीत, हे त्याला दिसते. संशोधन म्हणजे एक सरकारी दाखला, एवढाच अर्थ तो त्यातून घेऊन जातो. पुढची पिढी बिघडते ती अशी.

वाचणारा हवा

मग उपाय काय? आयोगाला आपली चूक काही प्रमाणात उमगलेली दिसते. २०२२ च्या पीएच.डी. नियमांतून प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती गेली, हे स्वागतार्ह आहे. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यातही निव्वळ गुणांची बेरीज सोडून भारतीय भाषांतील अध्यापन, समाजोपयोगी काम अशा गोष्टींची दखल घेण्याचा विचार मांडलेला होता. परंतु यादी गेली आणि मोजणी राहिली, तर काहीच साधणार नाही. एका देशव्यापी यादीच्या जागी प्रत्येक विद्यापीठाची वेगळी यादी येईल आणि बाजार पूर्ववत भरेल.

पहिली गोष्ट, किती लिहिले हे विचारणे बंद करून काय लिहिले ते वाचावे. अध्यापकाने आपल्या साऱ्या लेखनातून आपल्याला सर्वांत चांगली वाटणारी तीन कामे निवड समितीपुढे ठेवावीत आणि त्या विषयाच्या दोघा-तिघा जाणकारांनी ती प्रत्यक्ष वाचून लेखी अभिप्राय द्यावा. सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्यात जगभरच्या संस्थांनी हेच तत्त्व मान्य केले आहे : नियतकालिकाच्या नावावरून निबंधाची किंमत करू नये. आकडा गेला की वशिला परत येईल, अशी भीती यावर व्यक्त होईल. ती निराधार नाही. म्हणूनच अभिप्राय लेखी असावा, देणाऱ्याची त्यावर सही असावी आणि तो अध्यापकाला वाचावयास मिळावा. ज्याला सहीनिशी लिहावे लागते तो उघड पक्षपात करताना दहा वेळा विचार करतो.

दुसरी गोष्ट, कामाचे प्रकार वाढले पाहिजेत. गावाची काळजीपूर्वक केलेली पाहणी, दप्तरांतील कागदपत्रांची सूची, बोलीचा शब्दसंग्रह, मराठीतील संशोधनग्रंथ, वर्षानुवर्षे ठेवलेल्या पाऊसपाण्याच्या आणि पिकांच्या नोंदी, हीही संशोधनाचीच कामे आहेत, हे निबंधाच्या बरोबरीने मान्य झाले पाहिजे. श्रीरामपूरच्या महाविद्यालयांनी मनावर घेतले तर कालव्याकाठच्या गावांची पाहणी दर पाच वर्षांनी करता येईल. विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी तीत भर घालील आणि वीस वर्षांनी तेथे असे भांडार तयार होईल की पुण्या-मुंबईचेच काय, परदेशचे अभ्यासकही ते पाहावयास येतील.

तिसरी गोष्ट वेळेची. सोळा तास शिकवून आणि तक्ते भरून उरलेल्या वेळात संशोधन होत नाही. फार तर त्याचे सोंग होते. ज्याला खरोखर संशोधन करावयाचे आहे त्याचा भार दोन वर्षे हलका करावा आणि त्या जागी कायम अध्यापक नेमावा. ज्याला करावयाचे नाही त्याच्याकडून उत्तम अध्यापनाची अपेक्षा करावी आणि त्याबद्दल त्याला सन्मानाने बढती द्यावी. चांगले शिकविणाऱ्या माणसाला वाईट निबंध लिहावयास लावण्यात ना शिक्षणाचे हित आहे ना संशोधनाचे. रिकामी पदे न भरता संशोधनाची अपेक्षा करणाऱ्या शासनाने याचे उत्तर दिले पाहिजे.

राहता राहिला प्रश्न अध्यापकांचा. नियम वाईट होते हे खरे. पण न वाचलेल्या विशेषांकाचे संपादक म्हणून नाव लावणारे, पैसे भरून छापणारे आणि अशा निबंधांवर निवड समितीत बसून डोळे मिटून सही करणारे आयोगाचे कोणी अधिकारी नव्हते, ते आपल्यातलेच होते. यादी बंद झाल्याने नियतकालिक पारखण्याचा अधिकार आता त्यांच्याकडे आला आहे. प्राध्यापकांच्या संघटनांनी वेतनासाठी आणि सेवाशर्तींसाठी लढे दिले, ते योग्यच होते. आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक निबंध निदान दोघा सहकाऱ्यांनी वाचलेला असेल, एवढा दंडक त्यांनी स्वतःहून घालून घेतला तर त्यासाठी आयोगाच्या सूचनेची वाट पाहण्याची गरज नाही.

प्रवरेच्या काठी अजून पुष्कळ टेकाडे उकलावयाची आहेत, कालव्यांच्या पाण्याचा शंभर वर्षांचा हिशेब मांडावयाचा आहे आणि खंडकऱ्यांच्या लढ्याचा इतिहास, ज्यांनी तो लढा दिला ते हयात आहेत तोपर्यंत लिहावयाचा आहे. ही कामे श्रीरामपूरची माणसे करणार नसतील तर ती दुसरे कोणी करणार नाही. त्यांना चार वर्षे लागोत की सात, विद्यापीठाने तेवढा धीर धरावा आणि काम पुरे झाल्यावर ते वाचावे.